‘रोज चाला’ म्हणजे डॉक्टरांनी वाटेला लावलं असं नाही

प्रश्न : माझं वय ४४, यांचं ४९. गेलं दीड वर्ष आमच्यातले शरीरसंबंध जवळजवळ थांबलेत. सुरुवात होते, पण मध्येच यांची ताठरता जाते. चार-पाचदा असं झालं आणि मग यांनी जवळ येणंच सोडलं. मी झोपले याची खात्री झाली की मगच खोलीत येतात. आधी मला वाटलं, बाहेर कुणी आहे. मग वाटलं, मीच आता आवडत नाही. शेवटी एकदाचे बोलले. दिवसभर बैठं काम, वजन वाढलेलं, रक्तदाबाची गोळी चालू, साखर सीमेवर. मोठ्या संकोचाने डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी ‘रोज चाला, वजन उतरवा, तीन महिन्यांनी या’ एवढंच सांगितलं. हे संतापून घरी आले. ‘मी काय विचारलं आणि हा काय सांगतो!’ आता जिममधला ओळखीचा एकजण ताकदीची इंजेक्शनं घ्या म्हणतोय आणि यांचं मन तिकडे वळतंय. एक माझंही सांगते, जे यांनाही सांगितलेलं नाही. दुसऱ्या बाळंतपणापासून मला जोरात हसलं, खोकलं तरी लघवीचे थेंब जातात. जवळ आल्यावर तसं काही होईल या भीतीने मीही अंग चोरते. व्यायामाने या गोष्टींत खरंच फरक पडतो, की डॉक्टरांनी आम्हाला वाटेला लावलं?

उत्तर : ताई, फरक पडतो. नुसता ‘बरं वाटेल’ एवढाच नाही. तुमच्या यजमानांच्या तक्रारीच्या मुळाशी जे आहे तिथपर्यंत जाणारा फरक पडतो. डॉक्टरांचा सल्ला चुकीचा नव्हता, अर्धवट होता. का चालायचं, किती, किती महिने आणि त्याचा ताठरतेशी काय संबंध, हे कुणी सांगितलंच नाही तर माणूस चिडणारच. इतका संकोच गिळून आलेल्या माणसाला आणखी दहा मिनिटं द्यायलाच हवी होती. ती दहा मिनिटं मी इथे देते. हे उत्तर त्यांनाही वाचायला द्या.

ताठरता येते ती रक्तामुळे. लिंगाच्या आत लहान लहान पोकळ्यांनी भरलेल्या दोन नळ्या असतात. एरवी तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींतले स्नायू आवळलेले असतात, त्यामुळे आत रक्त जेमतेम जातं. मनात इच्छा आली, स्पर्श झाला, की तिथल्या मज्जातंतूंमधून आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो. त्याने ते आवळलेले स्नायू सैलावतात, रक्त वेगाने आत येतं आणि पोकळ्या भरतात. भरलेल्या पोकळ्यांच्या दाबाने रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दबतात, म्हणून आलेलं रक्त आत टिकतं. तुम्ही लिहिलंय की सुरुवात होते आणि मध्येच जाते. असं का होतं? कधी आत येणारं रक्त पुरत नाही. कधी शिरा पुरेशा दाबल्या जात नाहीत. आणि कधी मनात धास्ती शिरते, ‘आज पण जाणार का?’ या विचाराने, भीतीच्या वेळी सुटणारं अ‍ॅड्रिनलिन वाढतं आणि सैल झालेल्या वाहिन्या पुन्हा आवळल्या जातात. या वयात बहुधा रक्तवाहिन्यांचं आणि मनाचं अशी दोन्ही कारणं एकत्र नांदतात. आधी रक्तवाहिन्या थोड्या कमी पडतात, एक-दोनदा फजिती होते, मग भीती बसते आणि पुढचं काम भीतीच करते. यात तुमच्या दिसण्याचा, वयाचा किंवा यजमानांच्या प्रेमाचा कुठेही संबंध नाही. हे मी तुम्हाला धीर देण्यासाठी म्हणत नाही, शरीराचं कामकाजच असं चालतं.

आता व्यायाम यात कुठे येतो? तो त्या अस्तरापाशी येतो. रक्तदाब, वाढलेली साखर, तंबाखू, पोटाभोवतीची चरबी आणि बैठेपणा ही सगळी मंडळी रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात. इजा झालेलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड कमी तयार करतं. आपण दमेपर्यंत चालतो, धावतो, पोहतो तेव्हा रक्त वेगाने वाहतं आणि अस्तरावर त्याचं घर्षण वाढतं. त्या घर्षणाने अस्तरातलं नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकर (एन्झाइम) जागं होतं. हे आठवड्यामागून आठवडे होत राहिलं की अस्तराची ती क्षमताच सुधारते. सुधारणा होते ती सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांत, आणि म्हणून तिथेही.

१९९८ साली रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद या तिघा शास्त्रज्ञांना या नायट्रिक ऑक्साइडच्या शोधासाठीच नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी अमेरिकेत ताठरतेसाठीच्या सिल्डेनाफिलच्या (‘व्हायग्रा’च्या) गोळीला मान्यता मिळाली. बहुतेक लोकांना गोळी ठाऊक असते, पण ती नेमकं काय करते ते ठाऊक नसतं. गोळी नायट्रिक ऑक्साइड तयार करत नाही. त्याने शरीरात जो परिणाम सुरू केलेला असतो तो लवकर पुसला जाऊ नये, इतकंच ती पाहते. मुळात वायूच पुरेसा सुटत नसेल तर गोळीला टिकवायलाही फारसं काही उरत नाही. गोळी वाईट आहे असं मी म्हणत नाही, तिच्याकडे पुढे येतेच. पण गोळीचा असर काही तासांचा असतो. अस्तर सुधारण्याचं काम ती करत नाही, ते व्यायाम करतो.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला तुमच्या यजमानांनी नीट ऐकायला हवी आहे. लिंगातल्या धमन्या साधारण १ ते २ मिलिमीटर रुंद असतात, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या ३ ते ४ मिलिमीटर. दोन्हींत चरबीचे थर सारख्याच गतीने बसू लागले तर आधी तक्रार कोण करेल? अर्थात लहान धमनी. त्यामुळे ज्यांना पुढे हृदयविकार होतो त्यांच्यातल्या बऱ्याच पुरुषांत ताठरतेची तक्रार छातीत दुखण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी सुरू झालेली असते. ४९ वय, रक्तदाब, सीमेवरची साखर, वाढलेलं वजन आणि दीड वर्षाची ताठरतेची तक्रार हे सगळं एका कागदावर वाचल्यावर मी हृदयाचा विचार केल्याशिवाय राहणार नाही. घाबरवायचं नाहीये. उलट ही वेळेवर मिळालेली सूचना आहे. म्हणून जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी त्यांची उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) आणि ईसीजी करून घ्या; डॉक्टरांना वाटलं तर स्ट्रेस टेस्टही. इच्छाही कमी झाली असेल तर सकाळी रक्त देऊन टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन तपासा. संथ चालायला मात्र या तपासण्यांसाठी थांबायची गरज नाही. ते आजच सुरू करा. चालताना छातीत दडपण आलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, तर तिथेच थांबून लगेच दवाखाना गाठायचा.

‘हे सगळं पुस्तकात ठीक, पण प्रत्यक्षात कुणाला गुण आलाय का?’ असं ते विचारतील. विचारू द्या, प्रश्न रास्त आहे. २००४ साली इटलीतल्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३५ ते ५५ वयाचे, लठ्ठ आणि ताठरतेची तक्रार असलेले ११० पुरुष त्यांनी निवडले. निम्म्यांना आहार आणि व्यायामाचं सविस्तर, वैयक्तिक मार्गदर्शन दोन वर्षं मिळालं, उरलेल्यांना सर्वसाधारण माहिती. मार्गदर्शन मिळालेल्या गटात जवळपास एक तृतीयांश पुरुषांची ताठरता पूर्ववत झाली, दुसऱ्या गटात अगदी मोजक्यांची. हे गोळीविना झालं. मग २०१८ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी असे बरेच अभ्यास एकत्र तपासले आणि बैठेपणा, लठ्ठपणा, रक्तदाब, हृदयविकार असलेल्या पुरुषांसाठी एक माप काढलं: दम लागेल असा व्यायाम, दर वेळी ४० मिनिटं, आठवड्यातून ४ वेळा, ६ महिने. औषधाच्या चिठ्ठीवर डोस लिहितात तसं हे लिहून घ्या. ‘रोज चाला’ या दोन शब्दांच्या ऐवजी त्यांना हेच मिळायला हवं होतं.

दम लागेल असा म्हणजे किती? चालता चालता बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. रमतगमत, फोनवर बोलत केलेली फेरी मनाला बरी, पण या कामाची नाही. पहिल्या आठवड्यात १० मिनिटंच जमली तर १० मिनिटं. दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवत ४० पर्यंत जा. गुडघे कुरकुरत असतील तर पोहणं उत्तम. सायकलही चांगली, पण बराच वेळ अरुंद सीटवर बसून जांघेच्या मधल्या भागावर दाब येतो आणि नेमक्या त्याच रक्तवाहिन्या आणि नसा तिथून जातात. सायकलवरून उतरल्यावर तिथे बधिरपणा जाणवला तर सीट रुंद घ्या, तिचा कोन बदला, मध्ये मध्ये उभं राहून पायडल मारा. तो बधिरपणा अंगावर काढू नका.

आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर लागेल असंही काही हवं. उठाबशा, भिंतीला किंवा जमिनीला हात टेकून जोर, वजनं उचलणं, काहीही चालेल. मांड्या, नितंब आणि पाठीचे मोठे स्नायू कामाला लागले की ते रक्तातली साखर ओढून घेतात आणि इन्सुलिनचा असर वाढतो. साखर सीमेवर असलेल्या माणसाला याचा फायदा मोठा. मधुमेह जडला की ताठरतेची तक्रार कैक पटींनी वाढते, कारण तो रक्तवाहिन्या आणि नसा दोन्हींवर घाव घालतो. सीमेवरून मागे फिरण्याची संधी अजून त्यांच्या हातात आहे.

या सहा महिन्यांत काय दिसेल तेही आधीच सांगून ठेवते, कारण माणसं धीर सोडतात ती इथेच. पहिल्या काही आठवड्यांत झोप सुधारते, चिडचिड कमी होते. मग जिना चढताना फरक कळतो. त्यानंतर केव्हातरी पहाटेची ताठरता पुन्हा दिसू लागते. निरोगी पुरुषाला झोपेत रात्रभरात तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते, त्याला मनातल्या इच्छेची गरज नसते. ती परत येऊ लागली तर रक्तवाहिन्या दुरुस्त होताहेत असं समजायचं. वजनाचा काटा मात्र उशिरा हलतो आणि कधी कधी फारसा हलतही नाही. वजन तेवढंच राहूनही रक्तवाहिन्या सुधारू शकतात, म्हणून काट्याकडे बघून व्यायाम सोडू नये. आणि कृपा करून दर आठवड्याला ‘आता जमतंय का बघू’ अशी परीक्षा घेऊ नका. परीक्षेच्या मनःस्थितीतच तर अ‍ॅड्रिनलिन वाढतं. पहिले दोन-तीन महिने दोघांनी ठरवून संभोगाचा विषय बाजूला ठेवा. मिठी, मालीश, चुंबन, हाताचा स्पर्श, एकमेकांना सुख देणं हे सगळं चालू ठेवा. ज्याला काही सिद्ध करायचं नसतं त्याचं शरीर लवकर सैलावतं.

इंजेक्शनाबद्दल आता अगदी स्पष्ट बोलते: घेऊ देऊ नका. जिममध्ये ‘ताकदीची’ म्हणून जी इंजेक्शनं मिळतात ती बहुतेक वेळा टेस्टोस्टेरॉन किंवा त्याची भावंडं असतात, स्नायू फुगवणारी स्टेरॉइड्स. बाहेरून हे हार्मोन मिळालं की मेंदूला वाटतं, पुरेसं आहे. मग मेंदूतल्या पीयूष ग्रंथीकडून वृषणांना जाणारे आदेश थांबतात. वृषण स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं सोडतात, आकाराने लहान होतात, वीर्यातले शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. इंजेक्शन चालू असेपर्यंत जोर वाटतो आणि बंद केलं की इच्छा, ताठरता, उत्साह सगळंच कोसळतं. पुन्हा पूर्ववत व्हायला महिनोन् महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. शिवाय रक्त दाट होतं, रक्तदाब चढतो, कॉलेस्टेरॉल बिघडतं. ज्याचं हृदय आधीच धोक्याच्या रेषेजवळ आहे त्याने हे करणं फार महागात पडेल. ज्यांचं टेस्टोस्टेरॉन तपासणीत खरंच कमी निघतं आणि लक्षणंही असतात, त्यांच्यासाठी हे औषध आहे, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि वेळोवेळी रक्त तपासून. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ असा शिक्का मारून विकल्या जाणाऱ्या ताकदीच्या पुड्याही तितक्याच संशयाने पाहा. अशा मालात सिल्डेनाफिलसारखी औषधं न सांगता मिसळलेली आढळली आहेत, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याबद्दल वारंवार इशारे दिले आहेत.

स्वतःचं टेस्टोस्टेरॉन सुधारायचं तर पोटाची चरबी कमी करणं आणि झोप या दोन गोष्टी आधी. चरबीत असलेलं एक विकर टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमध्ये करत असतं. झोपेचं म्हणाल तर २०११ मधल्या एका अभ्यासात निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री फक्त ५ तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी खाली आलं. तुम्ही झोपेपर्यंत बाहेर बसून राहणारा माणूस किती झोपत असेल? ते घोरत असतील, झोपेत श्वास अडकत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

आता तुमच्याकडे वळते. तुमची तक्रार तुम्ही पत्राच्या शेवटी, ‘एक माझंही’ म्हणून लिहिलीत. बायका आपलं दुखणं असंच शेपटाला लावतात. ती इतकी लहान गोष्ट नाही, आणि तिच्यावर उपाय म्हणून जगभर सगळ्यात आधी व्यायामच सांगितला जातो. ओटीपोटाच्या तळाशी, माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत स्नायूंचा एक थर असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तो खालून आधार देतो. बाळंतपणात तो ताणला जातो, कधी फाटतो, आणि नंतर त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. हसताना, खोकताना पोटात दाब वाढला की सैल झालेल्या थराला तो दाब पेलत नाही आणि थेंब गळतात. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अरनॉल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये याच स्नायूंचे व्यायाम मांडले आणि तेव्हापासून ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

करायचं असं. चारचौघांत वायू सरतोय आणि तो रोखायचाय अशी कल्पना करा. जो भाग आत आणि वर ओढला जातो तोच हा स्नायू. लघवी मध्येच थांबवून तो एकदा ओळखला तर हरकत नाही, पण रोजचा व्यायाम लघवी करताना करायचा नाही, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. पाच मोजेपर्यंत आवळून धरा, मग पाच ते दहा मोजेपर्यंत पूर्ण सैल सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या, नितंब आवळले जाता कामा नयेत आणि श्वास रोखायचा नाही. सैल सोडणं हे आवळण्याइतकंच महत्त्वाचं आहे, घाईत ते राहून जातं. रोज केलं तर साधारण तीन महिन्यांत गळणं कमी होतं. खोकला किंवा शिंक येणार असं वाटलं की त्याच्या क्षणभर आधी हा स्नायू आवळायची सवय लावा. हाच स्नायू कामतृप्तीच्या क्षणी लयीत आकुंचन पावतो, त्यामुळे तो बळकट झाला की संवेदनाही वाढल्याचं बऱ्याच जणी सांगतात. आणि गळण्याची भीती गेली की अंग चोरणंही हळूहळू सुटतं.

पण एक अट आहे. संबंधाच्या वेळी दुखत असेल, आत काही घालताच स्नायू आपोआप घट्ट होत असतील, तर तुमचा स्नायू सैल नाही, आखडलेला आहे. अशा वेळी आवळण्याच्या व्यायामाने दुखणं वाढतं. तेव्हा आधी सैल सोडायला शिकवणाऱ्या, ओटीपोटाच्या स्नायूंचं खास शिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडे जा. नुसता कोरडेपणा असेल आणि पाळी अनियमित होऊ लागली असेल, तर त्याला कारण इस्ट्रोजेन कमी होणं आहे. तो चालण्याने जाणार नाही. त्यासाठी वंगण जेल आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेली योनीत लावायची इस्ट्रोजेन मलमं असतात, ती संकोच न करता मागा.

हाच व्यायाम यजमानांनाही लागू आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. पुरुषातही हा थर असतो आणि त्यातले काही स्नायू लिंगाच्या मुळाला वेढून असतात. ते आवळले की आतल्या रक्ताचा दाब वाढतो आणि ताठरता कडक होते. ब्रिटनमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ताठरतेची तक्रार असलेल्या ५५ पुरुषांनी फिजिओथेरपिस्टकडून हे व्यायाम शिकून सहा महिने केले. त्यातल्या ४० टक्क्यांची ताठरता पूर्ववत झाली, आणखी सुमारे एक तृतीयांश पुरुषांची सुधारली, उरलेल्यांना गुण आला नाही. सगळ्यांना येतो असं मी म्हणत नाहीच. पण बसल्या जागी करता येणाऱ्या, फुकट आणि निर्धोक गोष्टीसाठी हा निकाल फार चांगला आहे. शीघ्रपतनातही याच व्यायामांचा उपयोग होतो. पुरुषाने करताना खूण अशी: स्नायू बरोबर आवळला तर लिंगाचं मूळ किंचित आत ओढलं जातं आणि वृषण थोडे वर उचलले जातात.

दम लागणाऱ्या व्यायामाचा तुम्हालाही वेगळा फायदा आहे. स्त्रियांच्या कामेच्छेबद्दल बोलताना मन, नातं, थकवा यांचंच नाव निघतं आणि ते खरंही आहे, पण योनीचा ओलावा आणि शिश्निकेची (क्लिटोरिसची) संवेदना यांनाही रक्तच लागतं. टेक्सास विद्यापीठातल्या सिंडी मेस्टन यांनी याचा वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. स्त्रियांनी वीस मिनिटं जोमाने सायकल चालवली आणि त्यानंतर कामुक दृश्यं पाहिली, तेव्हा जननेंद्रियातला रक्तप्रवाह व्यायाम न केलेल्या दिवसापेक्षा जास्त वाढला. व्यायाम संपल्या संपल्या नव्हे, तर साधारण पंधरा ते तीस मिनिटांनी. नैराश्याच्या गोळ्यांनी इच्छा मंदावलेल्या स्त्रियांनाही आठवड्यातून तीनदा अर्धा तास व्यायाम केल्याने फायदा झाल्याचं त्यांच्या २०१४ च्या अभ्यासात दिसलं. तेव्हा संध्याकाळी दोघं भरभर चालून आलात आणि तासाभरात जवळ आलात, तर त्याला शास्त्राचा आधार आहे.

अती करण्याचाही तोटा आहे, तोही सांगते. आजवर बैठा असलेला माणूस एकदम ईर्षेने रोज दोन-दोन तास घाम गाळू लागला, जेवण तोडलं, झोप कमी केली, तर इच्छा उलट कमी होते. स्त्रियांची पाळीदेखील बिघडते.

‘आता या वयात, रक्तदाब असताना, त्या वेळी काही झालं तर?’ ही भीतीही घराघरांत असते. संभोगाला लागणारा जोर साधारण दोन जिने सलग चढण्याइतका. ते दम न कोंडता, छातीत न दुखता जमत असेल तर सहसा काळजीचं कारण नसतं. हृदयविकाराच्या एकूण झटक्यांपैकी एक टक्क्याहूनही कमी झटके संभोगाच्या निमित्ताने येतात, आणि नियमित व्यायाम करणाऱ्यांत तोही धोका आणखी कमी होतो.

गोळीचं म्हणाल तर व्यायामाचा गुण येईपर्यंत ती घ्यायला काहीच हरकत नाही. ‘यावेळी जाणार नाही’ हा विश्वास परत येतो आणि भीतीचं चक्र तुटतं. मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची औषधं चालू असतील, जिभेखाली ठेवायची गोळी असेल, तर सिल्डेनाफिल आणि त्या जातीची कुठलीही गोळी घ्यायचीच नाही. दोन्ही मिळून रक्तदाब एकदम कोसळतो आणि जिवावर बेतू शकतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ताठरता कमी होते, विशेषतः काही जुने बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारी औषधं) आणि लघवी वाढवणारी औषधं. चालू गोळीचं नाव घेऊन डॉक्टरांना सरळ विचारा, ‘हिच्यामुळे होत असेल का, बदलून देता येईल का?’ स्वतःहून बंद करू नका. तंबाखू, सिगारेट असेल तर तेवढी मात्र आजच बंद करा.

राहिलं यजमानांशी बोलणं. तुम्ही आधी त्यांच्या तक्रारीबद्दल बोलायला जाऊ नका, तुमच्या थेंबांबद्दल सांगा. ‘मला असं होतं, म्हणून मीही टाळत होते’ एवढं ऐकलं तरी इतके दिवस आपल्यामुळेच सगळं थांबलंय असं समजणाऱ्या माणसाला केवढा मोकळा श्वास मिळेल. मग ‘मला तीन महिने व्यायाम करायला सांगितलाय, संध्याकाळी माझ्याबरोबर चाला’ म्हणा. बेडरूममध्ये, रात्री, दिवा मालवल्यावर हा विषय काढू नका. चालताना काढा. शेजारी शेजारी चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, बोलणं सोपं जातं.

तीन महिन्यांनी त्याच डॉक्टरांकडे दोघं मिळून जा, साखर आणि रक्तदाब पुन्हा तपासा. सहा महिने नेमाने करूनही ताठरतेत फरक नसेल, पहाटेचीही परतली नसेल, तर मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवा. लिंगातला रक्तप्रवाह डॉपलर तपासणीत (एक प्रकारच्या सोनोग्राफीत) बघता येतो आणि गोळ्यांपलीकडचे उपचारही आहेत. शरीराच्या तपासण्या ठीक आणि पहाटेची ताठरताही ठीक, पण जवळ आल्यावर मात्र जाते, असं असेल तर लैंगिक समुपदेशकांकडे जोडीने जा. आणि तुमचं गळणं तीन-चार महिन्यांत कमी झालं नाही, किंवा खाली काही उतरल्यासारखं जड वाटत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून अंग खाली आलंय का ते तपासून घ्या.